हळद लागलेली परडी

उगवलेल्या गव्हावर चिमूटभर हळद पडली, तर तुमचा देव किती बाटतो?

हसू नका, विचार करून सांगा. आमच्या भोरच्या ख्रिस्ती मंडळीने याचा हिशोब केलेला आहे. पाच वर्षांच्या एका मुलीला ईस्टरच्या सकाळी दाराबाहेर ठेवावं लागेल, इतका बाटतो. त्या मंडळीत लहान मुलांचा वर्ग मी घेत होते, म्हणून हे सांगायचं काम माझ्याकडे येतं. गोड करून सांगणार नाही. आमच्या घरात पत्रकं छापून वाटली जायची. दारूबंदीची, धरणात गेलेल्या जमिनींची, प्रार्थनेच्या संजीवन सभांची. मला अक्षरओळख झाली ती त्या कागदांवर, आणि मोघम बोलायची सवय त्या कागदांना नव्हती.

वर्ग भरायचा गुरुवारी दुपारी आणि रविवारी सकाळी, देवळाच्या मागच्या खोलीत. आम्ही जुने ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो. खोलीची भिंत आणि शेजारच्या भाड्याच्या खोल्यांची भिंत एकच. त्यातल्या एका खोलीत एक आजी आणि तिची नात राहायची. घर मेंढपाळांचं. मुलगा आणि सून वेल्ह्याकडे, पासलीच्या वरच्या अंगाला मेंढरं घेऊन. पोरीला अंगणवाडी मिळावी म्हणून आजी तिला घेऊन खाली भोरला आलेली. अंगणवाडी सुटली की पोरगी आमच्या आवारात. पहिले काही गुरुवार ती खिडकीतून बघायची. मग एक दिवस आजीच तिला हाताला धरून घेऊन आली.

"मास्तरीणबाय, हिला बसू द्या. हितं बसून भिंतीला कान लावती, त्यापरीस आत बरी."

मी स्वच्छ सांगितलं, "आजी, इथे आम्ही आमच्या येशूच्या गोष्टी सांगतो. घरी विचारा आधी."

"इचारलंया बापाला. त्यो म्हणतो, गोष्टीच हायेत न्हवं, ऐकू दे की. आन् तुमी काय लपवून सांगता व्हय? भिंतीतनं समदं ऐकू येतंय आमास्नी."

तेव्हापासून पोरगी आत बसू लागली आणि आजी पायरीवर.

त्याच वर्षी मंडळीने पुण्याहून एक बाई बोलावल्या. लहान मुलांना मॉन्टेसरी पद्धतीने ईस्टर कसा शिकवायचा, याचं एका दिवसाचं प्रशिक्षण. बाई गाडीतून उतरल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या, "इथे नेटवर्क नाही का?" दुसरं वाक्य, "मुलांनी चपला बाहेर काढल्यात, हे छान आहे." जसं काही आम्ही त्यांच्यासाठी काढल्या होत्या.

पद्धत मात्र मला आवडली, ते नाकारत नाही. मुलाला भाषण द्यायचं नाही, हातात खरी वस्तू द्यायची. चटई स्वतः अंथरायची, काम झालं की स्वतः गुंडाळायची. छोट्या तांब्यातून पाणी ओतायचं, सांडलं तर फडकं घेऊन स्वतःच पुसायचं. लाकडाचा मेंढपाळ, लाकडाचं कुंपण, आत मेंढरं. मातीची कबर, तिच्या तोंडाशी गोल दगड. शुक्रवारी कापडात गुंडाळलेली बाहुली आत ठेवायची, रविवारी दगड सरकवायचा आणि कबर रिकामी दाखवायची. आणि गहू: मुलांनी स्वतः पेरायचा, रोज पाणी द्यायचं, ईस्टरच्या सकाळी उगवलेला गहू हातात घेऊन रांगेने देवळात जायचं आणि वेदीपुढे ठेवायचा. मातीत पुरलेलं पुन्हा वर येतं, हे पोराला त्याच्या बोटांनी कळलं पाहिजे. यात वाईट काय आहे? काहीच नाही. वाईट होतं ते बाईंच्या पेटीत.

पेटीतली मेंढरं सगळी पांढरी, सगळी एका मापाची. मेंढपाळ गोरापान, केस सोनेरी, पायात बूट. पोरीने एकेक मेंढरू उचलून पाहिलं आणि बाईंना विचारलं, "काळं एक बी न्हाई?"

बाई हसून म्हणाल्या, "आपण शांतपणे काम करायचं ना, बाळा."

"पर समदी सारखीच हायेत. ह्यो वळखणार कसा?"

पुढच्या गुरुवारी एक मेंढरू काळं झालेलं होतं. चुलीतल्या कोळशाने, पोटाखालीसुद्धा, व्यवस्थित. मुलांची त्याच्यावर झुंबड. कुणाला पांढरं नको, सगळ्यांना तेच हवं. मी कौतुकाने बाईंना फोटो पाठवला. उत्तर आलं: "साहित्य खराब झाले आहे. कृपया बदलून घ्यावे." मी बदललं नाही. तेव्हापासून बाईंच्या लेखी मी बिघडलेली शिक्षिका.

कबरीचीही तीच गत. नियम असा की शिक्षिकेने उत्तर द्यायचं नाही, मुलांना विचार करू द्यायचा. मी फक्त विचारलं, "एवढा मोठा दगड कोणी सरकवला असेल?" किकवीचा एक मुलगा बापाच्या मोटारसायकलवरून यायचा; रस्त्याच्या कामाशेजारीच त्याचं घर. तो लगेच म्हणाला, "जेसीबीनं." दुसरी म्हणाली, "येड्या, रात्री जेसीबी बंद असतोय." पोरगी बराच वेळ दगड पुढेमागे करत बसली आणि म्हणाली, "आतनं ढकलला." प्रवचनांत इतकी वर्षं जे ऐकलं होतं, ते मला त्या दिवशी समजलं.

गव्हासाठी बाईंनी पांढरे प्लॅस्टिकचे ट्रे दिले होते. त्यांना खाली भोक नाही, म्हणजे पाणी साचून गहू कुजणार. मी बाजारातून बांबूच्या परड्या आणल्या. प्रत्येकाने आपल्या घरची माती आणायची असं ठरवलं. किकवीची माती काळी आली. पोरीची तांबडी, तिच्या बापाने खाली येताना वरच्या बांधावरची पिशवीभर आणून दिली होती. झावळ्यांच्या रविवारच्या आधीच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या दोन आठवडे आधी, आम्ही गहू पेरला. पोरगी रोज यायची, वर्ग नसला तरी. तळहातावर पाणी घ्यायची आणि बोटांच्या फटींतून शिंपडायची. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशी तिचा गहू वीतभर झाला होता आणि ती रांगेत परडी कशी धरायची याचा सराव करत होती. दोन्ही हातांनी, छातीशी. तिने आजीकडून नवा परकर कबूल करून घेतला होता. पुढे जे काही झालं ते या एका गोष्टीपायी: ती परडी घेऊन ती रांगेत चालणार की नाही.

त्या गुरुवारी वर्ग सुटल्यावर आजी पहिल्यांदाच खोलीच्या आत आली. खिडकीखाली ओळीने मांडलेल्या परड्या तिने पाहिल्या आणि तोंडाला पदर लावला.

"अगं बया! चैत्राचं घट बसवलं व्हय तुमी? आन् मला सांगायचं न्हाई?"

गुढीपाडवा नुकताच झाला होता. परडी, माती, वर उगवलेला गहू: आमच्या भागात हे बघून कुणाला दुसरं काय सुचेल? मी सांगितलं, आजी, हे घट नाहीत, हे आमच्या ईस्टरचं आहे, मेलेला देव उठला त्याची खूण.

"मंग तेच की. उगवलंय न्हवं? उगवलेल्याला असं उघडंबोडकं ठिवत्यात का?"

ती खोलीवर जाऊन परत आली. प्रत्येक परडीच्या काठाला हळदीचं बोट, कुंकवाचं बोट. नातीच्या परडीवर झेंडूची एक छोटी माळही सोडली. एकाही परडीला वगळलं नाही. मुलं घरी गेली होती, पोरगी तेवढी होती आणि ती नाचत होती. मी तिथेच उभी होते. मी अडवलं नाही, आणि आज विचाराल तरी अडवणार नाही. दुसऱ्याच्या देवाला कुणी असं आपलं समजून नटवतं, तेव्हा त्याचा हात धरायचा नसतो.

शुक्रवारी सात शब्दांची उपासना, येशू क्रुसावरून बोलला त्या सात उद्गारांची. भर उन्हात लोक पांढरे कपडे घालून येतात. कमिटीचे अध्यक्ष, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, जादा सतरंज्या काढायला मागच्या खोलीत गेले आणि तिथूनच ओरडले.

"हे काय आहे? देवळात घट बसवलेत का तू?"

"गहू आहे, काका. मुलांचा."

"गहू मला कळतो. हळद कुणाची?"

मी सांगितलं. काकांच्या मागोमाग काकू आल्या. त्यांनी वाकून परडीचा काठ पाहिला. "अहो, आमच्या आजेसासूबाई ख्रिस्ती झाल्या तेव्हा घट सोडताना किती रडल्या होत्या म्हणे. आणि आता हे परत आपल्याच दारात!"

ऐका नीट. ज्याच्या घरात कधी घट बसलाच नाही, त्याला घट दिसला नसता. त्याला गहू दिसला असता आणि काठाला पिवळा डाग दिसला असता. काका-काकूंना एका नजरेत घट दिसला, कारण तो त्यांच्याच घरातून गेलेला आहे आणि पुरता गेलेला नाही. त्यांची भांडण करायची हिंमत स्वतःच्या आजीशी नव्हती, म्हणून त्यांनी ते दुसऱ्याच्या आजीशी केलं. मी हे तोंडावर बोलले. काका म्हणाले, "तू लहान आहेस, बाळ." आमच्या मंडळीत मुद्दा संपला की वय निघतं.

मग कमिटीचे चार लोक वेदीशेजारच्या, उपासनेचे झगे ठेवायच्या कपड्यांच्या खोलीत उभ्याउभ्या जमले. ठराव असा झाला: आपल्या मुलांच्या परड्या नळाखाली धुऊन घ्याव्यात. बाहेरच्या मुलीची वेगळी ठेवावी. ईस्टरच्या रांगेत आपलीच मुलं.

"बाहेरची म्हणजे काय? भिंत एक आहे तिची आणि देवळाची."

"हे बघ," काका आवाज खाली आणून म्हणाले, "उद्या कुणी व्हिडिओ काढला, म्हणालं ही लोकं आमची पोरं बाटवतात, तर तू येणार आहेस पोलीस स्टेशनला?"

"येईन. तिच्या बापाला घेऊन येईन. त्याला विचारून बसवलंय तिला."

"तो येईल?"

ही भीती काकांनी बनवलेली नाही, हे मला माहीत आहे. मोबाईलवर काय फिरतं तेही मी बघते. पण भीती वाटते तेव्हा दार उघडं टाकायचं असतं, म्हणजे ज्याला शंका आहे त्याने यावं आणि बसून बघावं. आम्ही दार लावलं आणि तेही एका लेकरावर. ज्यांची भीती वाटते त्यांच्यावर दार लावायची आमची ताकद नाही, म्हणून. आणि नंतर लगेच आत जाऊन त्याच काकांनी सातपैकी पहिल्या शब्दावर प्रवचन केलं. क्षमेवर. छान केलं. दोन बायका रडल्या.

मी पुण्याच्या बाईंना फोन लावला. वाटलं, निदान पद्धतीच्या नावाने तरी त्या मुलीची बाजू घेतील. बाई म्हणाल्या, "पालकांना वर्गात येऊच द्यायचं नसतं, मी सांगितलं होतं. वातावरण बिघडतं. आणि गव्हाचा एवढा ताण का घेताय? माझ्याकडे हिरव्या गवताच्या तयार चटया आहेत. दिसायला तर जास्त सुंदर दिसतात." मी विचारलं, बाई, ते उगवतं का? त्यांनी फोन ठेवला.

संध्याकाळी काकू शेजारच्या खोलीत निरोप द्यायला निघाल्या. त्यांच्या तोंडून नको, म्हणून मीच गेले. आजी भाकरी थापत होती. मी सांगितलं तसं तिने ऐकलं, भाकरी उलटली आणि म्हणाली, "म्या लावली हळद. मग तुमच्या देवाला खाज सुटली व्हय?"

मला हसू आलं, तिला आलं नाही.

"आन् परडी बाटली कशी म्हणत्यात? कोण बाटलं? आमी, का त्यो?"

"आजी, ते घाबरलेत."

"आमाला? हितं दारात बसून मणकं धरल्यात माझं, मला घाबरत्यात?" तिने पुढची भाकरी तव्यावर टाकली. "पोरगी घरी येऊन म्हणती, तिथला देव मेंढक्या हाय. म्या म्हणलं, आपला बी मेंढक्याचाच हाय, असंल त्याचा भाऊ. ऱ्हाऊ द्या. तुमचं देऊळ हाय, तुमी म्हणाल तर न्हाई पाठवत. पर गहू तिचा हाय. माती आमची, पाणी तिनं घातलंय. तिचा गहू तिला द्या."

याहून सरळ मागणी मी कुठल्याही पत्रकात वाचलेली नाही. शनिवारी मी काकांच्या घरी गेले. परडी त्या कपड्यांच्या खोलीत कुलपात होती.

"किल्ली द्या, काका. परडी तिच्या घरी देते, देवळात आणत नाही."

"ती माळ-बिळ घातलेली परडी घेऊन तू ईस्टरच्या आदल्या दिवशी आमच्या आवारातून जाणार? सगळे बघणार. सोमवारी ये."

"उद्या ईस्टर आहे."

"मला सांगतेस?"

रविवारी पहाटे आम्ही कबरस्तानात मेणबत्त्या लावून परत आलो. मुलं रांगेत उभी राहिली. नळाखाली इतक्या प्रेमाने धुतल्या होत्या परड्या, की अर्धा गहू आडवा झाला होता. किकवीचा मुलगा एका हाताने तो उभा धरू पाहत होता. भिंतीपलीकडच्या पायरीवर पोरगी बसलेली. नवा परकर घालून. तिला कुणी बोलावलं नव्हतं, तिला कुणी सांगूही शकलं नव्हतं की नवा परकर घालू नकोस. ती तिथून मला म्हणाली, "माझी कुठंय?"

"आत आहे. कुलपात."

"का?"

मी रांग काकूंच्या हाती दिली आणि तिच्याशेजारी पायरीवर बसले. आतून गाणं सुरू झालं, तो उठला आहे म्हणून. फोटो निघाले. पुण्याच्या बाईंच्या ग्रुपवर दुपारी ते फोटो आले, खाली लिहिलं होतं, ग्रामीण भागातील एक यशस्वी उपक्रम. आम्ही दोघी बाहेर होतो, त्यामुळे फोटोत काही उणं दिसत नाही.

सोमवारी किल्ली मिळाली. त्या खोलीला खिडकी नाही. परडीतली माती भेगाळली होती, गहू पिवळा पडून एका अंगाला झोपला होता. मी ती नेऊन पोरीपुढे ठेवली. तिने बोटाने एक पात उचलून पाहिली, सोडली, ती पुन्हा पडली. "मेला," ती म्हणाली. रडली नाही. आजीने माळ काढून बाजूला ठेवली, गहू मुळासकट उपटला आणि दारातल्या शेरडापुढे टाकला. शेरडाने तो दोन घासांत संपवला.

शुक्रवारी आत ठेवलेलं जिवंत बाहेर काढायचं, हे शिकवायला आम्ही पुण्याहून बाई आणल्या होत्या. आम्ही जिवंत आत ठेवलं आणि मेलेलं बाहेर काढलं. त्या पोरीने ते स्वतःच्या बोटांनी शिकून घेतलं. पद्धत लागू पडली म्हणायची.

पुढच्या आठवड्यात वर्गाच्या दारावर छापील कागद लागला: लहान मुलांचा वर्ग, फक्त मंडळीच्या सभासदांच्या मुलांसाठी. वर्ग आता काकू घेतात. मी गेल्यावर काळं मेंढरू कुणीतरी घासून पांढरं केलं म्हणतात. नीट निघालं नाही, राखाडी राहिलं. पोरगी अजून शेजारीच राहते. आवारात खेळते, चेंडू वर्गाच्या दाराशी गेला तर पायरीपाशी थांबते आणि कुणीतरी तो परत फेकण्याची वाट बघते. तिला वाचता येत नाही अजून. तरी तो कागद तिला कळलेला आहे.

आमची वार्षिक सभा येते आहे. तिथे उभी राहून मी तो कागद उतरवायला सांगणार आहे, आणि आजच सांगते, माझ्या बाजूने हात वर येणारे थोडे असतील. म्हणून हे तुमच्यापुढे ठेवलं. तुम्ही कुठल्याही देवाचे असा, कुठल्याही गावचे असा, तुमच्याकडे लहान मुलांचा एखादा वर्ग भरत असेल. या आठवड्यात तिथे जा. दारावर काय लिहिलंय ते वाचा, लिहिलेलं नसेल तर कुणाला आत घेत नाहीत ते विचारा. तो नियम कुणी केला ते सभेत नाव घेऊन विचारा आणि तो काढेपर्यंत खाली बसू नका. मग बाहेर थांबलेल्या पोराच्या घरी जा, त्याच्या माणसांची परवानगी घ्या, आणि त्याला हाताला धरून स्वतः आत आणून बसवा.